टॅलीवरील अहवाल आणि विश्लेषणासाठी कोणते साधन घ्यावे? (कास्टिंग फाउंड्री, शिरोली)

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची ग्रे आयर्न कास्टिंगची, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग बनवणारी, फाउंड्री आहे आणि तिचा लेखाविभाग माझ्याकडे आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असून वार्षिक उलाढाल १८ कोटींच्या आसपास आहे. टॅलीप्राइम गोल्ड या लेखा-सॉफ्टवेअरवर चार जण नोंदी करतात. संचालकांना दर महिन्याला ठरावीक गोष्टी हव्या असतात: कोणत्या ग्राहकाकडचे येणे किती दिवसांपासून थकले आहे, कोणत्या कास्टिंगमध्ये किलोमागे काय सुटते, टनामागे विजेचा खर्च का वाढला, आणि बाहेर मशीनिंग करून देणाऱ्यांची देणी वेळेत गेली की नाही. हे सगळे मी टॅलीतून एक्सेलमध्ये काढून हाताने जुळवतो, आणि अहवाल त्यांच्या टेबलावर जाईपर्यंत पुढचा महिना निम्मा सरलेला असतो.

मध्यंतरी दोन विक्रेते येऊन गेले. एकाने टॅलीवर बसणारे, मोबाइलवर दिसणारे क्लाउडवरचे उत्पादन दाखवले, तर दुसऱ्याने पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-साधनावर सगळे बांधून देण्याचा प्रस्ताव ठेवला. टॅली सोडून थेट ईआरपी (हिशेबापासून उत्पादनापर्यंतचे काम एकत्र सांभाळणारी प्रणाली) घ्यावे, असेही एका संचालकांचे मत आहे. दाखवताना तिन्ही पर्याय चांगलेच दिसतात. निवड कोणत्या कसोटीवर करावी, हे जाणकारांनी सांगावे.

इचलकरंजीचा_सूतवाला

आमचा सुताचा व्यापार आहे. टॅलीतले येण्यांचे वयोमान (कोणते बिल किती दिवस थकले), मालसाठ्याचे अहवाल आणि महिन्यातून एकदा एक्सेलची पिव्होट सारणी एवढ्यावर आमचे उत्तम चालते. उत्पादन नसेल तर बाहेरचे साधन लागतेच असे नाही. तुमचे प्रकरण मात्र वेगळे दिसते.

ताळेबंद

शिरोलीकर, मी पुण्यात सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करतो आणि माझ्या अशिलांमध्ये उत्पादक कंपन्या बऱ्याच आहेत. तुम्ही कसोटी विचारली आहे, म्हणून जिला मी सर्वांत वर ठेवतो तीच आधी सांगतो. पडद्यावर दिसणारा कोणताही आकडा, मग तो येण्याचा असो, नफ्याचा असो किंवा वीजखर्चाचा, त्यावर बोट ठेवून खाली उतरत उतरत मूळ व्हाउचरपर्यंत, म्हणजे त्या व्यवहाराच्या नोंदीपर्यंत, जाता आले पाहिजे. आणि अहवालातील बेरीज त्याच तारखेच्या तेरजेशी (ट्रायल बॅलन्सशी) रुपयाला रुपया जुळली पाहिजे. या दोन गोष्टी ज्या साधनात होत नाहीत ते साधन आलेखांनी कितीही सजलेले असले, तरी लेखाविभागाच्या उपयोगाचे नाही. संचालकांनी एक दिवस विचारले की हे बारा लाख आले कुठून, आणि त्याचे उत्तर द्यायला पुन्हा टॅलीच उघडावी लागली, तर त्या अहवालावरचा विश्वास त्याच दिवशी उडतो आणि मग तो कोणी पाहत नाही.

म्हणून विक्रेत्याच्या नमुना कंपनीवर प्रात्यक्षिक पाहूच नका. तुमच्या मागील आर्थिक वर्षाच्या डेटाची एक प्रत द्या आणि ३१ मार्चची एकूण येणी, एकूण देणी, विक्री व मालसाठा हे चार आकडे त्यांच्या पडद्यावर काढून दाखवायला सांगा. ते तुमच्या लेखापरीक्षित ताळेबंदाशी ताडून पाहा. विक्रीच्या आकड्यात जीएसटी धरला आहे का, क्रेडिट नोटा वजा केल्या आहेत का, रद्द झालेली आणि ऑप्शनल म्हणून (हिशेबात न धरता) ठेवलेली व्हाउचरे वगळली आहेत का, हे सगळे त्या एका ताळमेळातच उघड होते.

दुसरे म्हणजे तुमच्या प्रश्नांची वाटणी करा. येणी, देणी आणि रोखतेची स्थिती यांची उत्तरे पुस्तकांतच असतात. ती द्यायला टॅलीचे स्वतःचे अहवाल बहुतेक वेळा पुरेसे ठरतात. किलोमागे काय सुटते आणि टनामागे किती वीज जाते, याचा निम्मा भाग मात्र भट्टीजवळच्या रजिस्टरात असतो. तो टॅलीत नाही, म्हणून टॅलीवर बसवलेल्या कोणत्याही उत्पादनात आपोआप येणार नाही. बाहेरच्या साधनाची खरी गरज या दुसऱ्या गटासाठी आहे आणि पैसा खर्च करायचा तो तिथेच करावा.

ईआरपीबद्दल थोडक्यात सांगतो. अहवाल उशिरा मिळतात एवढ्या एकाच कारणासाठी लेखाप्रणाली बदलू नये. नोंदींची शिस्त तीच राहिली, तर नव्या प्रणालीतही तीच अडचण येते, आणि मधले वर्ष दोन्हीकडे नोंदी करण्यात जाते.

विदा_वारकरी

ताळेबंद साहेबांशी पूर्ण सहमत आहे. डेटा काढण्याचे काम मी रोज करतो, त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो.

टॅलीतून माहिती बाहेर काढण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे हाताने निर्यात करणे, जो तुम्ही आज वापरता. दुसरा ओडीबीसी: टॅली चालू असताना एक्सेल तिच्याशी जोडून लेजर (खाती), स्टॉक आयटम (मालाच्या वस्तू) यांसारखे तक्ते ओढता येतात. तिसरा एक्सएमएल: टॅली सर्व्हर म्हणून चालू ठेवली की ती सामान्यतः ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरून जोडणीच्या दारावर) विनंती स्वीकारते आणि मागितलेली व्हाउचरे एक्सएमएल या मजकुराच्या मांडणीत परत देते. बाजारातली बरीचशी जोडणी-उत्पादने आतून हाच तिसरा मार्ग वापरतात, किंवा टॅलीच्या टीडीएल भाषेत लिहिलेला छोटा जोडकार्यक्रम बसवतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा की तुम्ही यांपैकी काय वापरता. जो सरळ उत्तर देत नाही, त्याच्याशी पुढचे बोलणे लांबवू नका.

या मार्गावरचे खाचखळगे मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. एक्सएमएलमध्ये नावे (डेबिट) बाजूची रक्कम उणे चिन्हाने येते. हे ज्याला माहीत नसते त्याच्या अहवालात खर्च आणि उत्पन्न यांची अदलाबदल होते. पूर्ण वर्षाची व्हाउचरे एका विनंतीत मागितली तर उत्तर तयार होईपर्यंत टॅली अडून राहते आणि नोंदी करणाऱ्यांचे काम थांबते, म्हणून रात्री आणि महिन्यामहिन्याच्या तुकड्यांत माहिती घ्यावी. त्या वेळी टॅली चालू असली पाहिजे आणि तुमची कंपनी त्यात उघडलेली असली पाहिजे.

सगळ्यांत फसवा भाग पुसलेल्या व्हाउचरांचा आहे. टॅली प्रत्येक नोंदीला एक बदल-क्रमांक देते, ज्याला अल्टर आयडी म्हणतात. मागच्या वेळेपेक्षा मोठा क्रमांक असलेल्या नोंदी तेवढ्या उचलायच्या, म्हणजे रोज सगळा डेटा ओढावा लागत नाही, असे बरीच साधने करतात. पण एखादे व्हाउचर पुसले तर त्याला नवा क्रमांक कोठून मिळणार? ते टॅलीतून जाते आणि बाहेरच्या डेटाबेसात तसेच राहते. मग अहवालातली विक्री तेरजेपेक्षा जास्त दिसू लागते आणि कारण कोणालाच सापडत नाही. यावर उपाय साधा आहे: निदान आठवड्यातून एकदा चालू वर्षाचा पूर्ण डेटा नव्याने भरावा. प्रात्यक्षिकाच्या वेळी एक व्हाउचर मुद्दाम पुसून दुसऱ्या दिवशी त्यांचा पडदा पाहा.

एक सूचना कळकळीने करतो. ते ९००० पोर्ट कार्यालयाच्या नेटवर्कबाहेर, इंटरनेटच्या दिशेने कधीही उघडू देऊ नका. त्या वाटेने माहिती वाचता येते तशी लिहिताही येते.

शिरोलीकर

ताळेबंद साहेब, विदा_वारकरी, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे येण्यांचा गट आधी तपासला आणि चाकणच्या एका मोठ्या ग्राहकाचे लेजर ओळीओळीने पाहिले. अडचण कुठे आहे ते नेमके दिसले, म्हणून इथे मांडतो.

त्यांच्याकडून नऊ बिलांपोटी एकरकमी आरटीजीएस आले. बिलांची बेरीज १५,०४,५०० रुपये आणि खात्यात जमा झाले १४,६१,९२५. मधल्या फरकात रिजेक्शनची, म्हणजे नाकारलेल्या मालाची, ४१,३०० रुपयांची डेबिट नोट आणि जीएसटी वगळून काढलेल्या मूल्यावर आयकर कायद्याच्या १९४क्यूखाली (मालखरेदीवर) कापलेला ०.१ टक्के टीडीएस, म्हणजे १,२७५ रुपये होते. हा तपशील ग्राहकाने ईमेलने कळवला होता, पण त्यांच्याकडून येणारा पत्रव्यवहार विपणन विभागाच्या पत्त्यावर येतो. लेखाविभागात फक्त बँकेची ओळ दिसली आणि रक्कम ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कोणत्याही बिलाशी न जोडता, जमा झाली. परिणामी नऊही बिले उघडीच दिसतात आणि जमा झालेली रक्कम खाली उणे चिन्हाने लटकत राहते. एकूण शिल्लक जवळपास बरोबर आहे, पण वयोमान पूर्णपणे चुकीचे येते. ज्या बिलांचे पैसे येऊन गेले तीच ९० दिवसांच्या पुढच्या रकान्यात दिसतात.

हे पॉवर बीआयवर नेले असते तर काय झाले असते?

ताळेबंद

तोच चुकीचा रकाना तिथे लाल रंगात दिसला असता. तुम्ही नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. ग्राहकांकडून येणारी पेमेंट ॲडव्हाइस (पैसे कोणत्या बिलांपोटी आले याचा तपशील) थेट लेखाविभागाकडे वळवा आणि प्रत्येक जमा रक्कम ‘ॲगेन्स्ट रेफ’ने बिलावर बसवल्याशिवाय आठवडा बंद करू नका. डेबिट नोट आणि टीडीएस यांचीही नोंद त्याच वेळी, त्याच बिलांच्या संदर्भाने व्हावी. कोणतेही साधन घेण्यापूर्वी ‘ऑन अकाउंट’ची एकूण रक्कम किती आहे हे पाहण्याची सवय लावा. मी अशिलांकडे गेलो की हाच आकडा आधी मागतो, कारण अहवालांवर किती भरवसा ठेवायचा हे त्यावरून लगेच समजते.

याला कायद्याचीही बाजू आहे. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये येण्यांचे वयोमान आता ताळेबंदासोबत द्यावे लागते: ६ महिन्यांपेक्षा कमी, ६ महिने ते १ वर्ष, १ ते २ वर्षे, २ ते ३ वर्षे आणि त्यापुढचे, वादातीत आणि वादग्रस्त येणी वेगळी. हे दिवस देय तारखेपासून मोजायचे असतात आणि देय तारीख ठरलेलीच नसेल तर व्यवहाराच्या तारखेपासून. तुम्ही बघितलेले मोबाइलवरचे उत्पादन बिलाच्या तारखेपासून मोजते की देय तारखेपासून, हे विचारून घ्या. ते रकाने बदलता येत नसतील, तर वर्षअखेरीस तुम्हाला पुन्हा एक्सेलकडेच यावे लागेल.

देण्यांच्या बाजूला तारखेचा प्रश्न आणखी नाजूक आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आणली आणि ती कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातल्या मुदतीत दिली नाहीत, म्हणजे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच वजावटीस मिळतो. तुमचे मशीनिंगवाले आणि पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) करून देणारे बहुधा याच वर्गात असतील. हे दिवस माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायचे आहेत. बिलाची तारीख आणि माल आत आल्याची तारीख यांत चार-सहा दिवसांचा फरक असला, तर केवळ बिलाच्या तारखेवर चालणारा अहवाल वेगळेच चित्र दाखवतो. म्हणून माल-स्वीकृतीची तारीख खरेदीच्या नोंदीत आलीच पाहिजे. पुरवठादाराची उद्यम नोंदणी कोणत्या वर्गाची आहे हेही त्याच्या लेजरमध्ये भरून घ्या. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याची सोय आहे. हे दोन तपशील नीट भरले की तुमचा हा अहवाल टॅलीतूनच निघेल, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागणार नाही.

नाशिकची_लेखापाल

क्लाउडवरच्या उत्पादनाबद्दल एक अनुभव सांगते. आमच्या कंपनीने असे एक उत्पादन दोन वर्षांपूर्वी घेतले. अहवाल सुरेख होते आणि संचालकांना ते आवडलेही. पुढे शुल्क एकदम वाढले, म्हणून आम्ही करार थांबवायचे ठरवले. तेव्हा लक्षात आले की दोन वर्षांत आम्ही त्या साधनाच्या आत केलेले खर्चाचे वर्गीकरण, शाखांची वाटणी आणि अंदाजपत्रके बाहेर काढण्याची कोणतीही सोय नाही. मूळ व्हाउचरे टॅलीत सुरक्षित होती, पण विश्लेषणाचे सगळे काम त्या पुरवठादाराकडेच राहिले. शिरोलीकर दादा, वर्गीकरण करायचे ते टॅलीतच, कॉस्ट सेंटर (खर्चविभाग) आणि गटांच्या रूपाने करा, म्हणजे उद्या साधन बदलले तरी ते तुमच्याजवळ राहील.

ताळेबंद

ताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याला जोडून एवढेच सांगतो की तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून तुमच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल चालू असणे बंधनकारक आहे, आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांची प्रत रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणेही. केवळ वाचून दाखवणाऱ्या साधनाने या बाबतीत फारसा फरक पडत नाही. पण विक्रेता जर म्हणाला की बिले आमच्या ॲपमध्ये करा, ती आपोआप टॅलीत जातील, तर ते ॲपही पुस्तकांचा भाग होते आणि ऑडिट ट्रेलची अट त्यालाही लागते. हा फरक संचालकांना नीट समजावून द्या.

शिरोलीकर

ताई, साहेब, हे दोन्ही मुद्दे नोंदवून ठेवले आहेत. येणी आणि देणी यांचे चित्र आता स्पष्ट झाले. राहिला प्रश्न किलोमागे काय सुटते याचा, कारण संचालकांच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. आज आम्ही एकूण वीजखर्च विकलेल्या एकूण वजनावर सरसकट विभागतो.

बेळगावचा_वितळकाम

बेळगावातल्या फाउंड्रीत परिव्ययाचे (कॉस्टिंगचे, म्हणजे उत्पादनखर्च काढण्याचे) काम करतो, त्यामुळे हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. सरसकट विभागणी केली तर ज्या कास्टिंगमध्ये तुमचे पैसे जातात तेच फायद्याचे दिसू शकते.

समजा दोन पॅटर्नसाठी प्रत्येकी १००० किलो रस (वितळलेले लोखंड) ओतला. पहिल्यात रनर-रायझरमध्ये (साच्यात रस नेणाऱ्या व पुरवणाऱ्या वाटांत) ३५० किलो गेले आणि ५० किलो रिजेक्शन निघाले. विकण्याजोगे ६०० किलो उरले. दुसऱ्यात रनर-रायझर २५० आणि रिजेक्शन ३०, म्हणून उरले ७२०. वितळवण्याची वीज किलोला ६ रुपये धरली तर दोन्हीकडे खर्च ६,००० रुपयेच आहे, पण विकलेल्या किलोमागे तो पहिल्यात १० रुपये पडतो आणि दुसऱ्यात ८ रुपये ३३ पैसे. रनर-रायझर पुन्हा भट्टीत जातात हे खरे, धातू परत मिळतो. पण ते वितळवायला लागलेली वीज परत येत नाही. जिथे किलोमागे दोन-तीन रुपयांवर भाव ठरतो, तिथे हा १ रुपया ६७ पैशांचा फरक निर्णय बदलतो.

हे कळण्यासाठी पाळीनिहाय हीट (भट्टीची एक वितळखेप) रजिस्टर संगणकावर यायला हवे: हीट क्रमांक, चार्ज केलेले पिग आयर्न, स्क्रॅप आणि रिटर्न (परत वितळवायचे रनर-रायझर), भट्टीच्या मीटरचे सुरुवातीचे व शेवटचे वाचन, कोणत्या पॅटर्नचे किती साचे ओतले, आणि नंतर तपासणीत किती नाकारले गेले. यांतले मीटरचे वाचन फार मोलाचे आहे. महावितरणचे बिल महिन्याला एकदाच येते आणि त्यात मागणी आकार, वेळेनुसार बदलणारे दर, इतर आकार असे सगळे मिसळलेले असते. भट्टीला स्वतंत्र मीटर असेल तर टनामागे युनिटे वाढली की दर वाढला, हे वेगळे करता येते. आमच्याकडे एकदा टनामागचा वीजखर्च चढला तेव्हा सगळ्यांचे लक्ष दराकडे होते; रजिस्टरवरून दिसले की साचे तयार नसल्यामुळे वितळलेला रस भट्टीत धरून ठेवण्याचा वेळ वाढला होता. लेखाविभागाच्या कोणत्याही अहवालात हे दिसले नसते.

आणखी एक पथ्य पाळा. हीट रजिस्टरातले पॅटर्नचे नाव आणि टॅलीतल्या स्टॉक आयटमचे नाव यांसाठी एकच सांकेतिक क्रमांक वापरा. एकीकडे ‘ब्रॅकेट १२’ आणि दुसरीकडे ‘ब्रॅकेट-१२ नवीन’ असले की कोणतेही साधन ती जोडी जुळवू शकत नाही, आणि मग कोणीतरी पुन्हा हाताने जुळवत बसते.

विदा_वारकरी

बेळगावकरांच्या या पोस्टनंतर साधनाची निवड बरीच सोपी होते, म्हणून माझे मत ठामपणे मांडतो.

शिरोलीकर, पहिले सहा महिने एक्सेलमधील पॉवर क्वेरी (डेटा आणून जोडण्याची सोय) वापरा. ती एक्सेल २०१६ पासून आतच येते, वेगळा परवाना लागत नाही. टॅलीची निर्यात ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, हीट रजिस्टर दुसऱ्या फोल्डरमध्ये. जोडणीचे टप्पे एकदा लिहिले की दर महिन्याला फक्त रिफ्रेश करायचे. एक्सेलच्या पानाला १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहे, पण तुमच्या उलाढालीच्या फाउंड्रीला ती आड येण्याची शक्यता नाही. या काळात कोणते अहवाल संचालक खरोखर उघडतात आणि कोणते मागवूनही पाहत नाहीत, हे लक्षात घ्या.

त्यानंतर पॉवर बीआय घ्यायचे ठरले तर ही पॉवर क्वेरी तशीच तिथे नेता येते, म्हणूनही मी हा क्रम सुचवतो. पॉवर बीआय डेस्कटॉप विनामूल्य आहे, पण अहवाल इतरांना दाखवायचे तर साधारणपणे प्रत्येक पाहणाऱ्यासाठी प्रो परवाना लागतो. प्रोमध्ये दिवसाला ८ वेळा आपोआप रिफ्रेश ठरवता येते आणि कार्यालयातल्या संगणकावरचा डेटा घेण्यासाठी तिथे गेटवे (डेटा पोचवणारा कार्यक्रम) बसवावा लागतो. परवान्याचे पैसे वाचवण्यासाठी काही जण ‘पब्लिश टू वेब’ वापरायला सुचवतात. तसे केले की तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्या कोणालाही तुमचे ग्राहक, दर आणि थकबाकी दिसते. विक्रेत्याने हा मार्ग सुचवला तर त्याला तिथेच नकार द्या.

लुकर स्टुडिओ किंवा मेटाबेस या दुसऱ्या अहवाल-साधनांचाही विचार होऊ शकतो. मात्र पहिल्यासाठी डेटा गूगल शीटसारख्या ठिकाणी आणि दुसऱ्यासाठी डेटाबेसात नेऊन ठेवावा लागतो, आणि तो डेटाबेस सांभाळणारा माणूस तुमच्याकडे असला पाहिजे.

कोणतेही साधन घेतले तरी अहवालाच्या पहिल्या पानावर वरच एक ओळ ठेवा: टॅलीच्या तेरजेतील विक्री, अहवालातील विक्री, फरक, त्याखाली तसेच येण्यांचे, आणि डेटा शेवटचा कधी भरला ती वेळ. फरक शून्य नसेल त्या दिवशी तो अहवाल वर पाठवायचा नाही, असा नियम संचालकांच्या संमतीनेच करून घ्या.

शिरोलीकर

पॉवर क्वेरीपासून सुरुवात करायचे आजच्या बैठकीत मान्य झाले. भट्टीवर स्वतंत्र मीटर आहे, त्याचे वाचन पाळीप्रमुख वहीत लिहितात. ते संगणकावर आणण्याचे काम येत्या सोमवारपासून सुरू करतो. स्टॉक आयटमची नावे बदलल्यास जुन्या नोंदींवर काही परिणाम होतो का, एवढे कृपया सांगावे.

विदा_वारकरी

टॅलीत आयटमचे नाव बदलले की जुन्या व्हाउचरांतही नवे नाव दिसते, त्यामुळे शिल्लक बिघडत नाही. पण एकाच वस्तूचे दोन आयटम तयार झाले असतील तर नुसते नाव बदलून ते एकत्र होत नाहीत. त्यासाठी स्टॉक जर्नलने (मालसाठा बदलीच्या नोंदीने) शिल्लक एका आयटमवर वळवावी लागते आणि ते महिनाअखेरीस, मालसाठा मोजून झाल्यावर करावे. शिवाय नाव न बदलता प्रत्येक आयटमला ‘एलियस’ (पर्यायी नाव) म्हणून सांकेतिक क्रमांक देता येतो. बिलांवर ग्राहकाला सवयीचे असलेले नाव तसेच राहते आणि जोडणी क्रमांकावर होते, म्हणून तुमच्यासाठी मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो. सुरुवात करण्यापूर्वी डेटाचा बॅकअप घ्या आणि आधी प्रतीवर करून पाहा.